बाप्तिस्म्याविना ख्रिस्तभक्त : न्त्सिकाना आणि खोसा श्रद्धाविश्व

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रदेशात १८२१ साली निधन पावलेल्या न्त्सिकाना या खोसा पुरुषाने आयुष्यात बाप्तिस्मा घेतला नाही, कोणत्याही मिशनची चाकरी केली नाही आणि बायबल स्वतः कधी वाचले नाही. तरीही खोसा भाषेतील ख्रिस्ती भजनपरंपरेचा आरंभ त्याच्यापासून होतो, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. दुमत आहे ते इतर जवळपास सर्व बाबतींत. त्याला झालेला साक्षात्कार हे मिशनऱ्यांच्या उपदेशाचे फळ होते की खोसा धर्मजाणिवेतूनच उमललेला तो स्वतंत्र अनुभव होता, त्याने ख्रिस्ताला खोसा रूप दिले की खोसांना ख्रिस्ताकडे नेले, आणि वसाहतीची फौज सीमेवर उभी असताना त्याने दिलेली शांततेची शिकवण त्याच्या लोकांच्या हिताची ठरली की घाताची, हे प्रश्न शंभराहून अधिक वर्षे चर्चेत आहेत. ही चर्चा वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. न्त्सिकानाने आपली शिकवण घडवली तेव्हा तो ज्यांच्यात राहत होता ते लोक अजून जिंकले गेलेले नव्हते, त्यांचे राजे गादीवर होते आणि नवा धर्म स्वीकारण्यावाचून गत्यंतर नाही अशी स्थिती नव्हती. परंतु त्याच्याविषयीची बहुतेक मते मात्र विजयानंतरच्या काळात, विजेता आणि पराजित यांच्या भाषेत बनली. प्रस्तुत आढाव्यात या विसंगतीला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

खोसा समाज अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फिश नदीच्या पश्चिमेकडील झूरफेल्ड या कुरणप्रदेशापासून पूर्वेला केई नदीच्या पलीकडेपर्यंत पसरलेला होता. (खोसा भाषेत जिभेच्या टिचकीने उच्चारले जाणारे वर्ण आहेत, ते देवनागरीत नेमके उतरत नसल्याने येथील नावे जवळच्या उच्चारानुसार दिली आहेत.) केईच्या पश्चिमेकडील खोसांत, म्हणजे रारबे शाखेत, राजा न्गिका आणि त्याचा चुलता न्डलांबे यांच्यात सत्तेसाठी तंटा होता. न्गिका अल्पवयीन असताना राज्य सांभाळणाऱ्या न्डलांबेने पुतण्या वयात आल्यावरही वर्चस्व सोडले नाही, आणि या भाऊबंदकीचा फायदा केप वसाहतीने पुरेपूर उठवला. १८११-१२ मध्ये कर्नल ग्रॅहम याच्या फौजेने झूरफेल्डमधून सुमारे २०,००० खोसांना फिश नदीपलीकडे हाकलले, त्यांची उभी पिके जाळली, आणि त्यानंतर कुरणे, पाणी व गुरे यांवरून खोसांमधील आपसांतील ताण आणखी वाढला.

गुरे हा येथे केवळ संपत्तीचा विषय नव्हता. खोसा श्रद्धेनुसार दिवंगत पूर्वज हे कुळाच्या व्यवहारात सहभागी असतात, त्यांच्याशी संबंध राखण्याचे साधन म्हणजे गुरांचा बळी, आणि त्यांच्या वावराचे स्थान म्हणजे गुरांचा वाडा. पुरुष आपल्या आवडत्या बैलाची स्तुती रचून म्हणत असत. या सर्वांपलीकडे जगाचा एक निर्माता आहे ही कल्पनाही खोसांना अपरिचित नव्हती. शेजारच्या खोयखोय लोकांकडून आलेले ‘थिको’ हे नाव त्याच्यासाठी वापरले जाई आणि मिशनऱ्यांनी पुढे तेच उचलले. मात्र हा निर्माता दूरचा होता. रोजच्या दुखण्याखुपण्यात, दुष्काळात, करणीच्या संशयात माणसे पूर्वजांकडे आणि त्यांच्या वतीने निदान करणाऱ्या भगतांकडे जात. धर्माभ्यासक डेव्हिड चिडेस्टर यांनी दाखवून दिले आहे की सीमाप्रदेशातील युरोपीय प्रवासी आणि मिशनरी या काळात खोसांना धर्मच नाही असे सांगत राहिले, आणि एखाद्या समाजाला धर्म आहे हे मान्य करण्याची तयारी त्यांच्यात साधारणपणे तो समाज जिंकला गेल्यानंतरच आली. ज्या वर्षांत बाहेरचे लोक हे श्रद्धाविश्व अस्तित्वातच नसल्याची ग्वाही देत होते, त्याच वर्षांत एक खोसा माणूस त्या श्रद्धाविश्वातील सामग्री घेऊन ख्रिस्ताविषयी विचार करत होता, ही बाब न्त्सिकानाच्या अभ्यासात पुरेशी ठळक झालेली नाही.

न्त्सिकानाचा जन्म १७८० च्या सुमाराचा. त्याचा बाप गाबा हा चिऱ्हा कुळातील आणि न्गिकाच्या दरबारातील सल्लागार होता, त्यामुळे मुलगा वाढला तो राजकारणाच्या परिसरात. वक्ता, गायक आणि नर्तक म्हणून त्याची ख्याती होती, त्याला दोन बायका होत्या, आणि खोसा समाजात प्रतिष्ठित गृहस्थाकडे जे असावे ते सर्व त्याच्याकडे होते. लंडन मिशनरी सोसायटीचा डच मिशनरी योहानेस व्हान देर केम्प १७९९ मध्ये न्गिकाच्या मुलखात आला आणि वर्षभराहून थोडा अधिक काळ राहून परत गेला. त्याच्या मुक्कामात फारसे कोणी ख्रिस्ती झाले नाही. तथापि विशीच्या आसपासच्या न्त्सिकानाने त्याचे बोलणे ऐकले असण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतर १८१६ मध्ये जोसेफ विल्यम्स काट नदीकाठी मिशन उघडेपर्यंत या प्रदेशात एकही मिशनरी नव्हता. न्त्सिकानाचा साक्षात्कार परंपरेने १८१५ च्या सुमाराचा मानला जातो, म्हणजे तो नेमका या मधल्या पोकळीत येतो.

परंपरेने जपलेले त्या प्रसंगाचे वर्णन तपशिलासह पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व वाद त्याच्याच अर्थावर उभा आहे. न्त्सिकाना सकाळी आपल्या गुरांच्या वाड्याजवळ उभा असताना उगवत्या सूर्याचा एक किरण, नेहमीच्या उन्हापेक्षा प्रखर, हुलुशे या त्याच्या लाडक्या बैलाच्या अंगावर पडलेला त्याला दिसला. जवळच्या पोराला त्याने विचारले, तर पोराला काहीच वेगळे दिसले नव्हते. त्याच दिवशी तो घरच्या मंडळींसह एका नृत्यसोहळ्याला गेला. तेथे तो नाचायला उठला की सोसाट्याचा वारा सुटे आणि तो बसला की पडे. असे पुन्हा पुन्हा झाल्यावर कोणाला काही न सांगता त्याने मंडळींना घरी चलण्यास सांगितले, आणि वाटेत ओढ्यावर थांबून अंगाला लावलेला गेरू धुऊन टाकला. दुसऱ्या सकाळी तो काहीतरी गुणगुणत होता, आणि आपल्यात जे शिरले आहे ते सर्वांना प्रार्थना करण्यास सांगत आहे, असे त्याने भोवतालच्यांना सांगितले.

या कथेत येशूचे नाव नाही, पुस्तक नाही, मिशनरी नाही. जे आहे ते सर्व खोसा आहे: पूर्वज ज्याच्या आसपास असतात तो वाडा, ज्याच्या द्वारे पूर्वजांशी नाते राखले जाते तो बैल, मानवजात आणि गुरे जेथून प्रथम बाहेर आली असे मानले जाई त्या पूर्व दिशेचा प्रकाश. भगत होण्यापूर्वी माणसाला पूर्वजांकडून येणाऱ्या हाकेचा जो क्रम खोसांना परिचित होता, त्यातही नेहमीच्या व्यवहारातून अचानक मन उडणे आणि इतरांना न दिसणारे दिसणे ही लक्षणे असतात. त्यामुळे भोवतालच्या लोकांना न्त्सिकानाच्या बाबतीत काय घडत आहे हे ओळखण्यास अडचण पडली नसावी. फक्त या हाकेचा शेवट अपेक्षेप्रमाणे झाला नाही. गेरू हे खोसांच्या रोजच्या आणि समारंभाच्या देहसजावटीचे द्रव्य होते, ते धुऊन टाकणे ही सर्वांना दिसणारी कृती होती, आणि पुढील काळात पूर्व केपमध्ये गेरू लावणारे व न लावणारे हा परंपरानिष्ठ आणि ख्रिस्ती यांच्यातील भेद सांगण्याचा रूढ मार्ग बनला. तो भेद कोणत्याही मिशनऱ्याने आखून देण्यापूर्वी न्त्सिकानाने स्वतःच्या अंगावर आखला होता.

या साक्षात्काराचे स्पष्टीकरण देणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पक्ष पडतात. मिशन परंपरेतील लेखकांनी व्हान देर केम्पने पेरलेले बीज पंधरा वर्षांनी उगवले असे मानले, तर खोसा मौखिक परंपरेने, आणि विसाव्या शतकातील आफ्रिकी स्वत्वाच्या पुरस्कर्त्यांनी, देव न्त्सिकानाशी कोणाही गोऱ्या मध्यस्थाविना बोलला यावर भर दिला. जॅनेट हॉजसन यांनी १९८० च्या सुमारास केलेल्या सखोल अभ्यासात या दोन्ही धाग्यांना जागा दिली आणि न्त्सिकानाच्या गीतांत खोसा व ख्रिस्ती प्रतिमा कशा एकमेकींत विणल्या गेल्या हे ओळीओळीने तपासले. आफ्रिकी धर्मांतराविषयी रॉबिन हॉर्टन यांनी १९७१ मध्ये मांडलेला सिद्धान्तही येथे उपयोगी पडतो. लहान, बंदिस्त समाजात कुळदैवते आणि पूर्वज पुरेसे असतात, परंतु व्यापार, युद्ध आणि परकीयांचा संपर्क यांमुळे जग विस्तारले की सर्वांचा असलेला निर्माता महत्त्वाचा होऊ लागतो, आणि ख्रिस्ती वा इस्लाम धर्म ही प्रक्रिया सुरू करत नाहीत, तिला वेग देतात, असे हॉर्टन यांचे म्हणणे. १८१२ नंतरच्या खोसा प्रदेशाला हे वर्णन बरेच लागू पडते. तरीही सिद्धान्ताने एक गोष्ट सुटत नाही: त्याच परिस्थितीत, त्याच सामग्रीतून, त्याच वर्षांत न्खेले हा दुसरा पुरुष अगदी वेगळ्या निष्कर्षाला पोहोचला.

न्खेले, ज्याला मखांडा असेही म्हणत, हा न्डलांबेच्या पक्षाचा द्रष्टा. न्त्सिकानापेक्षा मिशनऱ्यांशी त्याचा प्रत्यक्ष संबंध अधिक आला होता. ग्रॅहम्सटाउनच्या लष्करी ठाण्यावर जाऊन तो तेथील धर्मगुरूशी निर्मिती, पाप आणि पुनरुत्थान यांविषयी बोलत असे, आणि सुरुवातीला त्याचा उपदेशही ख्रिस्ती वळणाचा होता. पुढे त्याची शिकवण बदलली. गोऱ्यांचा देव थिको आणि काळ्यांचा देव म्दालिदेफू हे वेगळे आहेत, गोऱ्यांनी आपल्या देवाच्या पुत्राला मारले म्हणून त्यांना समुद्रात ढकलण्यात आले आणि तेथून ते जमिनीच्या शोधात बाहेर आले, म्दालिदेफू हा थिकोपेक्षा बलवान आहे, आणि त्याला गुडघे टेकून केलेल्या प्रार्थनेपेक्षा नाच-गाणे व भरभराट अधिक आवडते, असे तो सांगू लागला. गोम्पो नावाच्या समुद्रकाठच्या खडकाशी मृत पूर्वज उठून येतील असे त्याने जाहीर केले तेव्हा मोठा जमाव तेथे गोळा झाला, आणि काही न घडता परतला. एवढ्याने त्याचे वजन संपले नाही, यावरून लोकांच्या मनात त्या वेळी कोणती भूक होती ते कळते.

पुढचा घटनाक्रम वेगाने घडला. १८१८ मध्ये अमालिंडेच्या लढाईत न्डलांबेच्या बाजूने न्गिकाचा दारुण पराभव केला. या लढाईत उतरू नकोस असे न्त्सिकानाने न्गिकाला बजावले होते आणि ते ऐकले गेले नाही, असे परंपरा सांगते. न्गिकाने वसाहतीकडे मदत मागितली, डिसेंबर १८१८ मध्ये ब्रेरटन याच्या फौजेने न्डलांबेच्या मुलखात घुसून सुमारे २३,००० गुरे पळवली, आणि त्याला उत्तर म्हणून २२ एप्रिल १८१९ रोजी न्खेलेच्या प्रेरणेने हजारो खोसा योद्धे भरदिवसा ग्रॅहम्सटाउनवर चालून गेले. तोफा-बंदुकांपुढे तो हल्ला फसला. लोकांवरील सूड थांबावा म्हणून न्खेले त्याच वर्षी स्वतःहून स्वाधीन झाला, त्याला रॉबेन बेटावर कैदेत टाकण्यात आले, आणि तेथून होडीतून निसटताना तो बुडाला. युद्धानंतर गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेट याने फिश आणि कीस्कामा या नद्यांमधला प्रदेश सोडण्यास भाग पाडले ते मात्र वसाहतीचा मित्र असलेल्या न्गिकालाच.

या दोन द्रष्ट्यांची तुलना हा न्त्सिकानाविषयीच्या आधुनिक लेखनाचा कणा आहे. इतिहासकार जेफ पीयर्स यांनी १९७९ मधील लेखात आणि नंतर खोसा इतिहासावरील ग्रंथात दाखवले की दोघेही अनाकलनीय अशा एका संकटाचा अर्थ खोसा धर्मविचाराच्या तर्कानेच लावत होते, आणि त्यांतला एक प्रतिकाराकडे तर दुसरा शांततेकडे वळला यामागे न्डलांबे आणि न्गिका यांच्या परस्परविरोधी राजकीय परिस्थितीचा मोठा हात होता. हे विवेचन मोलाचे आहे, कारण त्यामुळे न्खेले हा धर्मांध भोंदू आणि न्त्सिकाना हा पवित्र पुरुष ही मिशन साहित्यातील जुनी विभागणी कायमची मोडीत निघाली. परंतु त्याच विवेचनाच्या सोप्या आवृत्त्यांतून न्खेले हा प्रतिकाराचा वीर आणि न्त्सिकाना हा शरणागतीचा प्रवक्ता अशी उलटी विभागणीही रूढ झाली, आणि ती तितकीच अपुरी आहे. न्त्सिकानाने वसाहतीपुढे मान तुकवा असे सांगितल्याचा पुरावा त्याच्या गीतांत नाही. त्याचा आग्रह होता तो खोसांनी खोसांवर शस्त्र उचलू नये हा, आणि अमालिंडेनंतर जे घडले ते पाहता हा आग्रह भाबडा होता असे म्हणता येत नाही.

त्याच्या विचाराचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे त्याची गीते. परंपरेने चार गीते त्याच्या नावावर आहेत. एक लोकांना प्रार्थनेला बोलावणारे आणि घंटेच्या नादाचा भास देणारे, दुसरे जीवनाच्या निर्मात्याविषयीचे, आणि उरलेली दोन, जी एकत्र करून ‘महागीत’ म्हणून गायली जातात. महागीताचा घाट खोसा दरबारातील स्तुतिकाव्याचा आहे. खोसांमध्ये राजाची स्तुती करणारा भाट त्याच्या पराक्रमाच्या, स्वभावाच्या आणि वंशाच्या उपाध्या एकामागून एक फेकत जातो. त्यात कथन सलग नसते, प्रत्येक उपाधी स्वतंत्र असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात तिच्यामागची गोष्ट जागी होते. न्त्सिकानाने हाच घाट घेतला आणि राजाच्या जागी देवाला ठेवले. ज्याला राजदरबारात लहानपणापासून हे काव्य ऐकायला मिळाले, त्यानेच हे करणे स्वाभाविक होते.

उपाध्या कोणत्या आहेत हे पाहिले की त्याने काय निवडले ते उघड होते. देव ही ढाल आहे, गड आहे, आणि आश्रय देणारी दाट झाडी आहे. वसाहतीच्या घोडदळापुढे उघड्या माळावर टिकाव लागत नाही, पण काटेरी झाडीत शिरलेल्या माणसाला पकडता येत नाही, हे त्या पिढीतील प्रत्येक खोसाला अनुभवाने ठाऊक होते, त्यामुळे ही प्रतिमा ऐकणाऱ्यांच्या ताज्या आठवणीतून आलेली होती. देव आकाशाचा आणि ताऱ्यांचा निर्माता आहे, आणि ताऱ्यांमध्ये नाव घेतले आहे ते कृत्तिकांचे. खोसा लोक कृत्तिकांच्या पहाटेच्या उदयावरून नव्या हंगामाची मशागत सुरू करत आणि सुंता झालेल्या पुरुषाच्या वयाची वर्षेही त्याच उदयावरून मोजत. म्हणून कृत्तिकांचा कर्ता म्हणणे म्हणजे शेतीचा, वर्षाचा आणि पुरुषाच्या आयुष्याच्या मोजमापाचा कर्ता म्हणणे होते. देव जीवांची शिकार करणारा शिकारी आहे. एकमेकांना जवळ येऊ न देणारे कळप एकत्र आणणाराही तोच आहे, आणि न्गिका व न्डलांबे यांच्या काळात या उपाधीचा रोख कोणाच्याही लक्षात आल्यावाचून राहिला नसेल. देव हे आपण पांघरतो ते मोठे पांघरूण आहे. खोसा पुरुषाच्या अंगावर चामड्याचे पांघरूण हेच मुख्य वस्त्र असे, थंडीत निवारा, रात्री अंथरूण आणि थोरांच्या बाबतीत दर्जाची खूणही तेच.

इतके झाल्यावर, गीताच्या शेवटाकडे, जखमी हात आणि जखमी पाय येतात, वाहणारे रक्त येते, आणि ही एवढी मोठी किंमत आपण मागितली होती का असा भाव असलेला प्रश्न येतो. मिशनऱ्यांच्या उपदेशात आरंभ होई तो पापापासून. आधी माणूस पापी आहे हे पटवायचे आणि मग तारणाऱ्याची ओळख करून द्यायची, ही त्यांची रीत होती. न्त्सिकानाच्या गीतात क्रम वेगळा आहे. आधी देवाची थोरवी, त्याचा आसरा, त्याने घडवलेले आकाश, आणि ऐकणारा त्या आसऱ्याखाली आल्यानंतरच जखमांची जाणीव. पापाची यादी येथे नाहीच. दुसऱ्याने आपल्यासाठी मोजलेल्या किमतीपुढे वाटणारा संकोच आहे. बळीच्या जनावराच्या रक्ताने पूर्वजांशी नाते जोडणाऱ्या समाजाला या रक्ताचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागला नसणार. ख्रिस्ती मत आणि देशी श्रद्धा यांचा मेळ घालण्याचे अनेक प्रयत्न जगभर झाले. त्यांत इतक्या कमी शब्दांत, इतक्या आत्मविश्वासाने आणि कोणाच्याही अनुज्ञेविना केलेली निवड दुर्मिळ आहे.

मराठी वाचकाला येथे सतराव्या शतकातील गोव्याची आणि एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राची आठवण होणे साहजिक आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले, परंतु ते स्वतः इंग्रज जेझुइट होते आणि गोव्यात पोर्तुगीज सत्ता स्थिरावलेली होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्तभक्तीला अभंगाची वाट दिली, तीही ब्रिटिश अमलाखाली. या दोन्ही प्रयत्नांचे मोल त्यामुळे कमी होत नाही, पण सत्तेच्या संदर्भात न्त्सिकानाची जागा कोणती हे त्यांच्याशी ताडून पाहिले की नेमके कळते.

गीतांइतकीच महत्त्वाची होती त्याने घडवलेली उपासनेची शिस्त. सकाळ-संध्याकाळ तो आपल्या खोपटाच्या दाराशी उभा राहून बोलावण्याचे गीत म्हणे आणि अनुयायी जमत. तो काट नदीकाठच्या विल्यम्सच्या ठाण्यावर उपासनेला जात असे, पण तेथे राहायला गेला नाही, आणि ऑगस्ट १८१८ मध्ये विल्यम्स मरण पावल्यावर त्याची मंडळी आपल्या बळावर चालू राहिली. दोन बायकांपैकी धाकटीला त्याने तिचा वाटा देऊन मोकळे केले असे परंपरा सांगते. मरणसमयी त्याने आपले प्रेत जमिनीत पुरावे असे सांगितले. सर्वसामान्यांना पुरण्याची चाल त्या काळी खोसांत सार्वत्रिक नव्हती, आणि मुले कचरली तेव्हा त्याने स्वतः उठून कबरीची पहिली माती उकरली, अशी आठवण सांगितली जाते. अनुयायांना त्याने च्युमी नदीकाठच्या नव्या मिशनवर जाण्यास सांगितले. तेथे १८२० मध्ये जॉन ब्राउनली आला होता आणि पाठोपाठ स्कॉटिश मिशनरी येणार होते. १८२३ मध्ये तेथे झालेल्या पहिल्या बाप्तिस्म्यांत न्त्सिकानाचा शिष्य नोयी हा होता. म्हणजे मिशनऱ्यांना च्युमीवर मिळाली ती आधीच प्रार्थनेची सवय असलेली, स्वतःची गीते असलेली मंडळी. त्यांनी ती घडवली नाही, त्यांच्याकडे ती चालत आली. मिशनच्या इतिहासलेखनाने ही बाब नोंदवली खरी, पण तिचा पूर्ण अर्थ घेतला नाही.

साधनांचा प्रश्न येथे टाळता येत नाही. १८२३ च्या अखेरीस च्युमीवर छापखाना पोहोचला, महागीताचा पाठ १८२८ मध्ये मिशनरी जॉन फिलिप यांच्या ग्रंथात छापून आला, आणि संपूर्ण चरित्र लिहिले ते जॉन नॉक्स बोक्वे यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बोक्वे यांचा जन्म १८५५ चा, म्हणजे न्त्सिकानाच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी. लव्हडेल येथील मिशन संस्थेत काम करणाऱ्या या संगीतज्ञाने शिष्यांच्या वंशजांकडून आठवणी गोळा केल्या आणि गीतांच्या चाली अक्षरस्वरलिपीत उतरवल्या. बोक्वे यांनी आपल्या चरित्रनायकाला आदर्श ख्रिस्ती म्हणून रंगवले हे खरे, पण त्यांच्याविना चाली हरवल्या असत्या. संगीताभ्यासक डेव्हिड डार्गी यांनी पुढे दाखवले की महागीताची चाल उहादी या भोपळा लावलेल्या धनुष्यवाद्याच्या स्वररचनेशी जुळते. इंग्रजी भजनांच्या चालींवर बसवलेल्या पुढच्या खोसा भजनांत शब्दांचे नैसर्गिक चढउतार मोडतात. न्त्सिकानाच्या गीतात ते मोडत नाहीत.

भविष्यवाण्यांची गोष्ट निराळी. समुद्रापलीकडून येणारे लोक एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात छिद्र नसलेले बटण, म्हणजे नाणे, घेऊन येतील, तुम्ही पुस्तक घ्या आणि बटण टाका, असे न्त्सिकानाने सांगितल्याचे खोसा परंपरा मानते. या वचनांच्या नोंदी बऱ्याच नंतरच्या आहेत आणि त्यांवर नंतरच्या अनुभवाची छाया स्पष्ट दिसते. त्यामुळे त्यांना न्त्सिकानाच्या विचाराचा थेट पुरावा मानणे धोक्याचे आहे. मात्र पुढच्या पिढ्यांनी त्याला काय बनवले याचा तो उत्तम पुरावा आहे. पुस्तक आणि पैसा यांची फारकत करणारा हा न्त्सिकाना मिशनऱ्यांचा विद्यार्थी राहत नाही, तो त्यांची परीक्षा घेणारा ठरतो. अभेद्य एकी असा अर्थ देणारे ‘इम्बुम्बा यामान्यामा’ हे शब्द त्याचेच मानले जातात, आणि १८८२ मध्ये पोर्ट एलिझाबेथ येथे सुशिक्षित आफ्रिकी मंडळींनी राजकीय संघटना काढली तेव्हा तिला हेच नाव दिले. १९०९ मध्ये त्याच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या संस्थेचा इतिहास थोडा खेदाचा आहे. आदल्याच वर्षी म्फेंगू या शेजारच्या समाजाने वसाहतीशी आपल्या निष्ठेचा वार्षिक उत्सव सुरू केला होता आणि न्त्सिकानाचा दिवस त्याला खोसांचे उत्तर म्हणून उभा राहिला, त्यामुळे कळप एकत्र आणणाऱ्या गीताचा कर्ता काही काळ एका गटाचा झेंडा बनला.

शरणागतीच्या आरोपाचा विचार करताना त्याच्या वारशाचा दुसरा धागा नजरेआड होऊ नये. न्गिकाचा सल्लागार सोगा हा त्याचा अनुयायी. त्याचा मुलगा तियो सोगा १८५६ मध्ये स्कॉटलंडमध्ये दीक्षा घेऊन पहिला खोसा धर्मगुरू झाला आणि गोऱ्या लेखकांनी आफ्रिकी वंशाच्या विनाशाचे भाकीत केले तेव्हा त्याने त्याला छापील उत्तर दिले. त्याहून बोलके उदाहरण न्त्सिकानाचा स्वतःचा मुलगा दुक्वाना याचे. तो तियो सोगाच्या म्ग्वाली येथील मंडळीतील वडील, म्हणजे चर्चचा निवडलेला ज्येष्ठ होता, आणि मिशनच्या दृष्टीने आदर्श ख्रिस्ती. १८७७-७८ च्या शेवटच्या सीमायुद्धात, ज्याने खोसा स्वातंत्र्याचा शेवट केला, त्याने मिशन सोडून न्गिकाचा मुलगा राजा संडिले याची बाजू घेतली आणि त्या लढाईतच तो मारला गेला. मिशनच्या लोकांना हा विश्वासघात वाटला आणि समजून घेता आला नाही. दुक्वानाने ख्रिस्त सोडला नव्हता. बापाने त्याला जो ख्रिस्त दिला होता तो खोसा राजाचा शत्रू कधीच नव्हता, आणि वसाहतीशी निष्ठा ही त्या श्रद्धेची अट असल्याचे च्युमीवर मिशनरी येण्यापूर्वी कोणी सांगितलेले नव्हते.